बिनजाळीची केबल

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात आचल मोहोड इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून रुजू झाली, त्याच सकाळी कंट्रोल रूममधला गॅसगळतीचा लाल दिवा लागला. ती ताडकन उभी राहिली. पण खोलीत कुणी हललंसुद्धा नाही. शिफ्टचा मुख्य ऑपरेटर ताहेरभाई खुर्चीत मागे रेलून सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी चोळत बसला होता. त्यानं भिंतीला टेकवलेला झाडूचा दांडा उचलला, बसल्या जागेवरूनच पॅनलवरचं बटण दाबून दिवा विझवला आणि दांडा परत जागेवर ठेवून दिला.

“ताहेरभाई, गॅसचा अलार्म होता ना तो?”

“होय ना मॅडम. रोजचंच आहे त्याचं. झटके येतात त्याले. तुमी नका टेन्शन घेऊ.”

“अन् भोंगा? भोंगा काहून नाही वाजला?”

ताहेरभाई नुसता हसला. आचलनं स्टूल ओढलं आणि वर चढून भोंग्याच्या तोंडात पाहिलं. आत खाऊन टाकलेल्या खर्र्याच्या पन्न्या गच्च कोंबलेल्या होत्या. ओल्या, तपकिरी, एकमेकींना चिकटलेल्या. तिनं चिमटीत धरून एक ओढली, तर तिच्यामागे लाळेची तार आली. ती खाली उतरली, बाहेरच्या नळावर गेली, साबणानं हात धुतले, हुंगून पाहिले आणि पुन्हा धुतले. त्या कारखान्यातली तिची पहिली आठवण ही अशी होती.

तसा तो कारखाना अंगाला चिकटणाराच होता. जिना, कठडे, दारांच्या कड्या, सगळ्यावर तेलाचा पातळ थर आणि त्या थरावर धूळ. तेल काढून उरलेल्या ढेपेचा आंबूस वास कपड्यांत मुरायचा. खोलीवर परत गेल्यावर ओढणी पिळली तरी तो वास जायचा नाही. पण त्या वासाची सवय होते. सवय होऊ नये असा वास दुसरा होता, गोडसर, पेट्रोलसारखा. सोयाबीनच्या पापडीतून शेवटचा थेंब काढायचा तर ती पापडी हेक्झेन नावाच्या द्रावणानं धुवावी लागते. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात साचते. साचली की माणसाला गुंगी आणते, आणि तिथे एक ठिणगी पडली की पुढचं बोलायला कुणी उरत नाही.

म्हणूनच पंपांच्या खड्ड्यात गॅस ओळखणारे सेन्सर बसवलेले होते. सेन्सर तारेतून अगदी बारीकसा करंट कंट्रोल रूमकडे पाठवायचा. गॅस वाढला की करंट वाढणार, करंट वाढला की दिवा लागणार, भोंगा वाजणार, आणि तरीही वाढत राहिला तर सगळा प्लांट आपोआप बंद पडणार. व्यवस्था उत्तम होती. फक्त ती खोटं बोलत होती.

कधी खोटं बोलते हे आचलनं दोनचार दिवसांतच हेरलं. मोठा ब्लोअर सुरू झाला की गॅसचा आकडा उड्या मारायला लागायचा. ब्लोअर थांबला की आकडा शहाण्यासारखा शून्यावर. ब्लोअरच्या मोटरला वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह होता. असा ड्राइव्ह विजेचे क्षणाक्षणाला तुकडे पाडून ती मोटरला पुरवतो. त्या तुकड्यांचा गोंगाट मोटरच्या केबलभोवती सांडत राहतो. सेन्सरची नाजूक तार त्या केबलच्या शेजारून उघडीनागडी जात असेल, तर गोंगाट तिच्यात शिरणारच. त्याला उपाय साधा असतो. सेन्सरची केबल जाळीची घ्यायची, म्हणजे तारा एकमेकींना पीळ घातलेल्या, वरून तांब्याच्या जाळीचं वेष्टण, आणि ती जाळी जमिनीला जोडलेली. गोंगाट जाळीवर आदळतो आणि जमिनीत जातो, आतल्या तारांपर्यंत पोचतच नाही. शिवाय अशी केबल मोटरच्या केबलपासून लांब, वेगळ्या ट्रेमधून, म्हणजे केबलसाठीच्या पत्र्याच्या पन्हळीतून, न्यायची.

ती मालकाकडे गेली. मालक किशोरसेठ गोड बोलणारा माणूस होता. “मॅडम, केबलवर शक घेऊ नका,” ते म्हणाले. “हे सारं डिझाइन कोनाचं आहे मालूम आहे? अमरावतीचे टेकाडे सर. उभं राहून काम करून घेतलं त्यांनी. ये-जा करून करून दमले बिचारे.”

आचलच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. जानराव टेकाडे सर म्हणजे तिचे सर. अमरावतीच्या तंत्रनिकेतनात ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. त्यांनी एकदा घरचा मिक्सर आणि जुना रेडिओ वर्गात आणला होता. रेडिओवर बातम्या लावल्या आणि मिक्सर फिरवला. बातम्यांचा नुसता खरखराट झाला. “ऐकलं?” सर म्हणाले होते. “आता समजा, या बातमीवर कोनाचा जीव अवलंबून आहे. मंग मिक्सर कुठं ठेवसान अन् रेडिओ कुठं?” जाळी दोन्ही टोकांना अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली, दिसली तर ते प्रात्यक्षिकाची वही तोंडावर फेकायचे. मुलीला ही शाखा कशाला म्हणून तिचे वडील नत्थुजी आडून बसले होते, तेव्हा सर नांदगाव खंडेश्वरच्या पुढे त्यांच्या शेतापर्यंत स्कूटरनं आले होते. बांधावर बसून त्यांनी बापाची समजूत काढली होती. सर होते म्हणून ती इंजिनिअर होती.

सरांनी घातलेली केबल चुकीची असेल, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. तरी तिनं पॅनलच्या आत पाहिलं. तिथे सेन्सरच्या केबलची चकचकीत जाळी सुबक कापलेली, हिरव्या नळीत घालून एका टोकाला अर्थ केलेली. सरांचाच हात. ती मनोमन खजील झाली. मग दोष दुसरीकडे कुठेतरी असणार म्हणून तिनं सेन्सर बदलला. अर्थिंगचे खड्डे उकरून नव्यानं भरले. ड्राइव्हच्या सेटिंग्ज उलथ्यापालथ्या केल्या. कंट्रोल रूम आणि प्लांटच्या मधल्या भिंतीपलीकडे केबलचा ट्रे उंचावरून, गरम वाफेच्या नळांवरून जात होता. तो उघडायचा तर प्लांट बंद ठेवावा लागणार, आणि सीझन ऐन भरात होता. किशोरसेठ म्हणाले, सीझन उरकू द्या. तिनंही हट्ट धरला नाही. एकदा सरांना फोन केला, तर ते मायेनं म्हणाले, “सेन्सर खराब असन बाई. आजकालचे सेन्सर काही कामाचे नाहीत. जेवण बिवण करून राह्यली ना तिकडे बराबर?”

पुढे एकदा पॅनलच्या मागच्या बाजूला तिला लाल तारेचा एक तुकडा सापडला, बोटभर लांबीचा. दोन टोकं जोडून टाकलेला. गॅस कितीही वाढला तरी प्लांट बंद पडू नये, एवढंच त्या तुकड्याचं काम होतं. तिनं तो उपटून टाकला. दुसऱ्याच दिवशी ब्लोअर सुरू होताच आकडा उडाला आणि अख्खा प्लांट धाडकन बंद झाला. पापडी धुणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरमध्ये ओला माल अडकला. किशोरसेठ खाली आले आणि सगळ्यांच्या देखत ताहेरभाईला आईबहिणीवरून बोलले. आचलला ते एक शब्दही बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, “मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या आहात. गरिबाले शिव्या कामून खायला लावता?”

संध्याकाळपर्यंत लाल तुकडा परत जागेवर होता. आचलनं तो पाहिला आणि पॅनलचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून तिला स्वतःच्या तोंडाचीच चव बिघडल्यासारखी वाटायला लागली.

ते घडलं भर दुपारी, जेवणाच्या वेळेला. कंट्रोल रूममध्ये डबे उघडलेले होते. दिवा लागला. ताहेरभाईनं दांड्यानं बटण दाबलं. दिवा विझला आणि पुन्हा लागला. त्यानं पुन्हा दाबलं. आचलनं भाकरीचा तुकडा झुणक्यात बुडवला आणि दिव्याकडे ओझरतं पाहून मनात म्हटलं, आज ब्लोअर जास्तच पिसाळलाय.

घास तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला. ब्लोअर तर बंद होता. सकाळीच त्याचं बेअरिंग उघडून ठेवलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं. गोंगाट करणारं कुणीच नव्हतं. मग आकडा वाढतोय कसा?

“ताहेरभाई, हा खरा आहे!” ती ओरडली. “खड्ड्यात कोन आहे?”

ताहेरभाईचा चेहरा उतरला. “गोपाल गेला होता. व्हॉल्व्ह फिरवाले.”

धावताना जिन्यावरच तो गोडसर वास तिच्या नाकात शिरला. खड्ड्यात पंपाचं पॅकिंग फाटून हेक्झेनची चिळकांडी उडत होती. गोपाल लोखंडी पायऱ्यांच्या तळाशी पडला होता, एक हात वरच्या पायरीला धरून राहिलेला, डोळे अर्धे उघडे. कुणी एकजण बॅटरी लावायला गेला, तर तिनं त्याच्या हातावर फटका मारला. ठिणगी पडली असती तर सगळेच गेले असते. तिनं बाहेरच्या खोलीतून मुख्य वीज तोडायला माणूस पळवला. ताहेरभाईनं कमरेला दोर बांधून घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि तो खाली उतरला. वरून चौघांनी दोर धरला. त्यानं गोपालच्या काखेत हात घालून त्याला ओढलं, आणि दोघंही एका गाठोड्यासारखे वर आले. बाहेरच्या उन्हात निजवल्यावर गोपालच्या तोंडातून सोयाबीनच्या लगद्यासारखं पिवळं काहीतरी आलं. ताहेरभाई बाजूला बसून ओकत होता.

गोपाल वाचला. सरकारी दवाखान्यात तो बरेच दिवस होता. घरी आला तेव्हा चालत आला. पण डोक्याला फार वेळ हवा मिळाली नव्हती, त्याची किंमत राहिलीच. तो बोलता बोलता अडायचा. बायकोचं नाव शकुन, तिला कधी आईच्या नावानं हाक मारायचा. सदऱ्याची बटणं लावायला घेतली की मध्येच हात थांबायचे आणि तो बटणाकडे बघत राहायचा.

प्लांट बंद झाला होता. आता ट्रे उघडायला कुणाची परवानगी नको होती. वाफ पूर्ण निवळल्यावर आचल शिडी लावून भिंतीपलीकडे चढली. झाकण सरकवताच उंदराच्या लेंड्या खाली ओघळल्या. ट्रेच्या कडेनं पिचकाऱ्यांचे वाळके लाल ओघळ होते. वर काम करणाऱ्यांनी थुंकायला कोपरा म्हणून तोच वापरला होता. आत केबलींचा जोड घालायची एक डबी होती. पॅनलमधून आलेली सुंदर जाळीची केबल त्या डबीपर्यंत येऊन संपत होती. तिथून पुढे सेन्सरपर्यंत दुसरीच केबल होती, पाण्याच्या पंपाला लावतात तसली साधी. वरून लोखंडी पट्टीचं चिलखत होतं खरं. पण ते चिलखत उंदीर आणि फावड्यापासून वाचवायचं, गोंगाटापासून नव्हे. तिनं पक्कडीनं तिचा एक तुकडा तोडून सोलला. आत ना जाळी, ना पीळ, सरळसोट पडलेल्या तारा. आणि ही केबल ब्लोअरच्या मोटरच्या जाड केबलला पूर्ण लांबीभर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेली होती. जणू गोंगाट वाया जाऊ नये म्हणून कुणी काळजी घेतली होती.

जिथवर नजर जाईल तिथवर जाळी होती, त्यापुढे नव्हती. सोललेला तुकडा मुठीत धरून ती शिडी उतरली.

तरीही तिनं मनाला समजावलं, सरांना फसवलं असेल. कंत्राटदारानं केबल बदलली असेल, सरांना कळलंच नसेल. तो तुकडा पिशवीत घालून ती रविवारी अमरावतीला गेली आणि घरी न जाता थेट साईनगरला सरांकडे पोचली.

सर व्हरांड्यात बसून वरूडची संत्री सोलत होते. “ये माय, ये,” ते म्हणाले. तिनं सवयीनं वाकून नमस्कार केला. त्यांनी अर्धं संत्रं तिच्या हातावर ठेवलं. गोपालची चौकशीही केली. मग तिनं तुकडा काढून टीपॉयवर ठेवला.

“सर, भिंतीपलीकडं हे आहे. तुमाले फसवलं त्याहीनं.”

सरांनी तुकडा हातात घेतला नाही. त्यांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, बी बोटावर काढून सालीत ठेवली आणि म्हणाले, “मले मालूम होतं.”

आचलला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“माह्या ड्रॉइंगमधी जाळीचीच होती,” सर सांगू लागले. आवाज वर्गात असायचा तसाच, शांत, समजावणीचा. “सेठ म्हने, एवढी महाग कामून? मंग मीच रस्ता काढला. पॅनलमधी जाळीची टाका. तपासाले येनारा पॅनल उघडून पाह्यते. वर ट्रेवर कोन चढते?”

“अन् मोटरच्या केबलसंगं बांधली ते?”

“दुसरा ट्रे टाकाले जागा नव्हती. सगळीकडे असंच आहे बाई. तू नवीन आहे म्हून तुले नवल वाटते.”

“सर, मानूस मेला असता.”

“मेला नाही ना?” सरांनी रुमालानं ओठ पुसले. संत्र्याचा रस त्यांच्या मिशीला लागला होता. “हे पाय, सेठचा फोन आला होता मले. ऑफिसर येनार आहे. रिपोर्ट मलेच लिहा लागन. सेन्सरमधी बिघाड झाला, अन् कामगार खर्रा खाऊन गुंगीत खड्ड्यात उतरला. तू प्लांटची इंजिनिअर आहे, तुयी सही लागन. मंग तुले पुण्याले लावून देतो चांगल्या जागी. माह्या हाताखाली शिकलेली दोन पोरं आहेत तिकडं मोठ्या पोस्टवर.”

आचल हातातल्या संत्र्याकडे पाहत राहिली. तिला किळस आली, आणि ती किळस कशाची हे चटकन सांगता येईना. या माणसाला माहीत नव्हतं असं काही नव्हतं. गोंगाट कसा शिरतो, कुठून शिरतो, शिरला की पुढे काय होतं, हे सगळं त्यानंच तिला शिकवलं होतं. ज्याला येत नाही त्याची कीव करता येते. इथं कीव करायला काही शिल्लक नव्हतं.

“मी सही नाही करनार,” ती म्हणाली.

“भावनेत नको येऊ.”

“सर, तुमी आमच्या वावरात आले होते. माह्या बाबाले म्हनले, पोरगी शिकली तर चार जीवाले कामी येईन. तवा खरं बोलून राह्यले होते, का तवाही नुसती पॅनलमधलीच जाळी होती?”

सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. पण ते हललं ते रागानं. “कोनाशी बोलून राह्यली तू?” ते म्हणाले.

तिनं संत्रं टीपॉयवर ठेवलं, तुकडा उचलला आणि निघाली. बडनेऱ्याला गाडीत बसेपर्यंत तिच्या बोटांना सालीचा वास येत होता. एरवी तिला आवडणारा तो वास तिनं डब्यातल्या बेसिनवर घासून घासून घालवला.

चौकशीला आलेला अधिकारी घाईत होता. किशोरसेठनी केबिनमध्ये कचोऱ्या मागवल्या होत्या. सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बसले होते. त्यांनी सेन्सरबद्दल सुंदर भाषण केलं. मग गोपालचं नाव निघालं. “गरीब मानूस आहे, त्याच्यावर काही करू नका साहेब,” किशोरसेठ म्हणाले. “पण व्यसनी आहे.” सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि कचोरीचे पापुद्रे झटकले.

“साहेब, जरा खाली येता?” आचल म्हणाली. “फक्त ब्लोअर चालू करून दाखवते. गॅस नाही, माल नाही, काहीच नाही.”

अधिकाऱ्याला नाही म्हणायला कारण सापडेना. खाली तिनं ब्लोअर सुरू करायला लावला. गॅसचा आकडा उसळ्या मारत लाल रेघेच्या वर गेला. मग तिनं स्वतः अकोल्याच्या बाजारातून आणलेली जाळीची केबल, जी सकाळीच जमिनीवरून लांबच्या बाजूनं पसरून ठेवली होती, ती त्याच सेन्सरला जोडली. जाळी पॅनलच्या टोकाला अर्थ केली. ब्लोअर पुन्हा सुरू झाला. आकडा शून्यावर बसून राहिला, ढिम्म. अधिकाऱ्यानं चष्मा पुसला आणि सरांकडे पाहिलं.

“हो, अशी एक शक्यता राहते,” सर म्हणाले. “टेक्निकल शक्यता.”

मग तिनं पॅनलच्या मागचा लाल तुकडा दाखवला. हा कुणी टाकला, असं अधिकाऱ्यानं विचारलं. ताहेरभाई जमिनीकडे पाहत होता. जीव धोक्यात घालून खड्ड्यात उतरलेला माणूस तो. त्यानं हलक्या आवाजात म्हटलं, “मले नाही मालूम साहेब.” किशोरसेठ छताकडे पाहत होते.

“मले मालूम आहे,” आचल म्हणाली. “सेठच्या हुकमानं टाकला. मी एकदा काढला होता. परत लागला तवा मी पाह्यला अन् दार लावून घेतलं. माहं नावही लिहा.”

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. किशोरसेठनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती पाहुण्यांसमोर जेवणाच्या ताटात थुंकली होती.

निकाल लागला तो आचलच्या बाजूनं लागला, असं बाहेरून पाहणारा म्हणेल. सगळ्या सेन्सरच्या केबल बदलल्याशिवाय प्लांट सुरू करायचा नाही, असा आदेश आला. गोपालच्या उपचारांचा भार कंपनीवर टाकला गेला. त्याच्या व्यसनाचा उल्लेख कागदावरून गेला. सरांना मात्र कुणी जाब विचारला नाही. आणि आदेशात एक वाक्य होतं, की हे काम अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावं.

किशोरसेठनी तज्ज्ञ बोलावला. टेकाडे सरांना.

सर आले, आणि त्यांनी ते काम जसं केलं तसं काम आचलनं आजवर पाहिलं नव्हतं. जिथे जागा नव्हती तिथे दुसरा ट्रे बसला. सिग्नलची केबल आणि मोटरची केबल यांच्यात हातभर अंतर राहिलं. एकमेकींना ओलांडावं लागलं तिथे त्यांनी काटकोनात ओलांडायला लावलं. वायरमननं एका डबीत जाळी अर्ध्यातच तोडली, तर सरांनी त्याला ती पूर्ण काढून नव्यानं जोडायला लावली. “जाळी मधात तुटली तर तिचा काय उपयोग?” ते त्याला समजावत होते. “अन् अर्थ एकाच टोकाला. दोन्हीकडे केली तर जाळीच करंट घेऊन फिरते. समजून राह्यलं का?” आवाज तोच, शांत, मायाळू. नवी पोरं भारावून ऐकत होती. एकानं तर त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

आचल लांब उभी राहून बघत होती. खोटं काम करताना सर ओंगळ दिसले होते, त्याहून खरं काम करताना जास्त ओंगळ दिसत होते. सगळं येत होतं. हाताला, डोळ्याला, जिभेला, सगळ्याला येत होतं. फक्त सेठ जितकं म्हणेल तितकंच ते बाहेर काढायचं होतं. काल पट्ट्यांनी आवळून बांधा म्हटलं तर तेही, आज हातभर अंतर ठेवा म्हटलं तर तेही, आणि दोन्ही वेळेला तितक्याच स्वच्छ शर्टात.

काम संपलं तेव्हा तपासून सही तिची हवी होती. सरांना वाटलं ती लगेच करील. तिनं मीटर घेतला आणि शिडी लावली. प्रत्येक डबी उघडली, प्रत्येक जाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली, भिंतीच्या या बाजूला आणि त्या बाजूला. सर खाली खुर्चीत बसून तिची वाट पाहत राहिले. काहीच चूक निघाली नाही. एखादी निघाली असती तर तिला बरं वाटलं असतं.

ती खाली उतरली तेव्हा सर उठले. “पाह्यलं? एक नंबर झालं काम,” ते म्हणाले. “शेवटी तू माहीच इद्यार्थीन.” आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवायला पुढे केला.

आचल मागे सरली. हात हवेत राहिला.

“तुमी कामाचं बोला सर,” ती म्हणाली.

सही करून तिनं कागद सरांच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

घरच्यांना वाटत होतं ती आता अकोला सोडेल. आई आशाबाई फोनवर रोज म्हणायची, “अशा लोकाहीत राहू नको बाई, परत ये.” किशोरसेठही वाट पाहत होते. आदेश ताजा होता म्हणून ते तिला काढू शकत नव्हते, पण तिच्या टेबलावरचा पंखा नादुरुस्त झाला आणि तसाच राहिला. बाकीचे लोक तिच्यासमोर बोलायचे थांबायचे. ताहेरभाई मात्र एकदा चहाचा कप तिच्यासमोर ठेवून उभा राहिला. “मॅडम, मले तवा बोलाले पायजे होतं,” तो म्हणाला. चहा तिनं घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला त्याचा राग नव्हता. तिच्यात तेव्हा क्षमा करण्याइतकं काही उरलेलंच नव्हतं.

ती गेली नाही. ती गेली की एखाद्या दिवशी माल अडकेल, सेठ खाली येतील, शिव्या देतील, आणि बोटभर लाल तार पुन्हा जागेवर बसेल. हे तिला तिच्या नावाइतकं स्वच्छ दिसत होतं. चांगल्यातली चांगली केबलसुद्धा त्या तारेपुढे काही करू शकत नव्हती.

कंपनीनं गोपालला गेटवर बसवलं. उपकार केल्यासारखं. गाडी आली की दांडी वर करायची, गेली की खाली. एवढं त्याला जमत होतं, पण कधी कधी दांडी वर करून तो तशीच धरून राहायचा, आणि कुणीतरी आठवण करून दिल्यावर खाली सोडायचा. शकुन त्याच्यासाठी डबा घेऊन यायची आणि जेवून होईपर्यंत शेजारी बसायची.

त्या महिन्याच्या शेवटी सर गावातल्याच दुसऱ्या एका तेल कारखान्याचं काम किशोरसेठच्या शब्दावर मिळालं म्हणून त्यांचे आभार मानायला आले. आचल तेव्हा गेटजवळ रजिस्टरवर वेळ टाकत होती. पांढरी गाडी आली. गोपालनं दांडी वर केली, उभा राहिला आणि कपाळाला हात लावून कडक सलाम ठोकला. मागच्या सीटवरून सरांनी काच खाली केली, हसून हात वर केला आणि म्हणाले, “शाब्बास!”

गाडी आत गेली. गोपाल दांडी धरून उभाच होता.

“कोन होते ते, मॅडम?” त्यानं विचारलं. “चांगले मानूस दिसले.”

आचलनं त्याच्या हातातून दांडी घेतली आणि खाली सोडली. मग ती आत गेली, कंट्रोल रूममध्ये, पॅनलच्या मागे वाकून पाहायला.